धोंड्याचा महिना, चार बाटल्या आणि वऱ्हाडातलं ऊन

वरूड तालुक्यातल्या एका गावातून एका संत्रा बागायतदारांचं पत्र आलं आहे. वय साठीच्या आसपास. धाकटी मुलगी नाशिकला दिलेली, जावई दिंडोरीकडच्या एका वाईनरीत कामाला. दिवाळीला जावयांनी सहा बाटल्या पाठवल्या, चार लाल वाईनच्या आणि दोन पांढऱ्या. काकांनी त्या जपून ठेवायच्या म्हणून माळ्यावर ठेवल्या. वर टिनाचं छत. संक्रांतीला एक लाल बाटली उघडून ग्लासात बर्फ टाकून घेतली, तर पाणचट आणि आंबट लागली. मार्चअखेर पाहतात तर दुसऱ्या एका लाल बाटलीचं बूच वर आलेलं आणि अंगावर चिकट ओघळ. आता चार उरल्या आहेत. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. मुलगी आणि जावई धोंड्याच्या जेवणाला येणार, तेही ऐन नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापणाऱ्या नऊ दिवसांत. जावयांनी स्वतः केलेली वाईन त्यांना नीट गार करून द्यावी, अशी काकांची इच्छा आहे. शेजारी सांगतात, "लाल वाईन गार कराची नसते, रूम टेम्परेचरलेच पेतात." दुकानदार म्हणतो वाईनचा वेगळा छोटा फ्रिज घ्या. घरच्या बाईंचं म्हणणं, "धोंड्याच्या ताटापाशी बाटली दिसाले नाही पायजे." आणि पत्राच्या शेवटी काका लिहितात, "जवाई म्हणतील, खेड्यातल्या माणसाले चांगल्या वस्तूची किंमत नाही. पोरीलेही सांगितलं नाही अजून. काय करू?"

काकाजी, नमस्कार.

तुम्ही विचारलंत वाईन गार कशी करायची ते, पण पत्रात खरी रुतलेली गोष्ट शेवटच्या ओळीत आहे. म्हणून आधी तिथून सुरुवात करते. तुमचे जावई ज्या धंद्यात आहेत, तिथे उन्हाची धास्ती रोजची असते. द्राक्षं पहाटे तोडायची, रस टाकीत असताना टाकी बाहेरून गार ठेवायची, भरलेल्या बाटल्या थंड गोदामात ठेवायच्या, उन्हाळ्यात माल पाठवताना वाटेत तापणार नाही ना याची काळजी करायची. उन्हानं वाईनचं काय होतं हे त्यांच्याइतकं तुमच्या घरात कोणालाच माहीत नाही. त्यांनी बाटल्या पाठवल्या, पण कुठे आणि किती दिवस ठेवायच्या हे बहुधा सांगितलं नाही. त्यांना वाटलं असेल की सासरे दिवाळीतच उघडतील. तुम्हाला वाटलं, जावयांनी पाठवलेली वस्तू आहे, मोठ्या प्रसंगासाठी राखावी. दोघांच्याही मनात आपुलकीच होती. यात खेड्याचा किंवा अडाणीपणाचा संबंध मला कुठेही दिसत नाही. पुण्या-मुंबईच्या कित्येक घरांत हीच बाटली फ्रिजच्या डोक्यावर, म्हणजे घरातल्या सगळ्यात तापणाऱ्या आणि थरथरणाऱ्या जागेवर, वर्षभर उभी असते.

आता माळ्याचं. आपल्याकडे जपायची वस्तू वर ठेवायची रीत आहे. बियाणं, लग्नातली भांडी, गाद्या, सगळं वर. दारूच्या बाबतीतही तुमचा अनुभव असा असणार की व्हिस्कीची बाटली कपाटात पाच वर्षं राहिली तरी काही झालं नाही. ते बरोबरच आहे. व्हिस्की ऊर्ध्वपातन केलेली, चाळीस-बेचाळीस टक्के अल्कोहोलची. मोहाचीही जात तीच. वाईन तशी नाही. तिच्यात अल्कोहोल साधारण १२ ते १४ टक्के, बाकी पाणी, द्राक्षाची आम्लं, रंग, तुरटपणा देणारी टॅनिन आणि नाकाला कळणारे शेकडो बारीक वास. टिकण्याच्या बाबतीत ती व्हिस्कीपेक्षा दुधाच्या जवळची समजा. उष्णता वाढली की तिच्यातल्या रासायनिक क्रिया भराभर होतात. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग जवळपास दुप्पट. म्हणजे जे म्हातारपण नाशिकच्या गोदामात दोन वर्षांनी आलं असतं, ते टिनाखाली काही महिन्यांत येतं. वास शिजवलेल्या फळासारखा होतो, रंग तपकिरी होतो, ताजेपणा जातो.

बूच का वर आलं तेही याच हिशेबात बसतं. तापल्यावर वाईन फुगते. बाटलीच्या मानेत जेमतेम काही मिलिलिटर मोकळी जागा असते. ती भरली की दाब बुचावर येतो, बूच सरकतं, थोडी वाईन पाझरते. रात्री गारवा आला की वाईन पुन्हा आक्रसते आणि त्याच फटीतून हवा आत ओढली जाते. हवेनं उरलेलं काम होतं. टिनाखालची जागा दिवसा भट्टी आणि थंडीच्या रात्री गारठा अशी असते, त्यामुळे मार्च उजाडण्याआधीच ही ओढाताण सुरू झाली असणार.

संक्रांतीच्या बाटलीबद्दल मात्र मला वेगळं वाटतं. ती बिघडलेली असेलच असं नाही. ग्लासातला बर्फ वितळला की वाईनमध्ये सरळ पाणीच मिसळतं, म्हणून पाणचट. आणि लाल वाईन फार गार केली की तिचा वास दबतो, आंबटपणा आणि तुरटपणा तेवढा पुढे येतो. कुणाला बर्फ घालूनच आवडत असेल तर त्यानं तशीच प्यावी, त्यात काही गैर नाही. पण चव टिकवून गार करायची असेल तर बर्फ बाटलीच्या बाहेर राहायला हवा. ग्लासात नको. बाजारातल्या लादीच्या बाबतीत तर ही आरोग्याचीही गोष्ट आहे. बर्फ कारखान्यातली लादी बहुतेक वेळा खाण्यासाठी केलेली नसते, आणि अशा बर्फात निळा रंग टाकावा असा नियमच आहे. लादी बादलीत चालेल, पेल्यात मुळीच नाही.

आज काय करायचं ते आधी सांगते. चारही बाटल्या आजच खाली उतरवा. त्या उभ्या धरून उजेडात पहा. बूच बाटलीच्या तोंडाशी सपाट आहे का, आवरणाखाली चिकटपणा आहे का, पांढरीचा रंग फिक्या पिवळ्यावरून चहाच्या रंगाकडे गेला आहे का. तळाशी खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे किंवा काचेच्या कणांसारखे खडे दिसले तर घाबरू नका. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल थंडीत असं खड्यांच्या रूपात बसतं, ते निरुपद्रवी असतं. मग जी बाटली सगळ्यात संशयास्पद वाटते ती आताच, जावई यायच्या आधी, उघडून पहा. वास मनुकांसारखा, शिजलेला किंवा व्हिनेगरसारखा आला तर ती गेली. त्यानं विषबाधा वगैरे होत नाही, पण पाहुण्याला द्यायची ती राहिली नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण अनेक वाचकांची आशा इथे अडकलेली असते: उन्हानं गेलेली वाईन फ्रिजमध्ये ठेवून परत येत नाही. गारव्यानं पुढचं नुकसान थांबतं, झालेलं भरून निघत नाही.

तुमच्या शेजाऱ्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही, फक्त ते दुसऱ्या मुलखातलं आहे. लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी हा नियम युरोपातल्या दगडी घरांमधून आला. तिथली खोली म्हणजे १६ ते १८ अंश. मेमध्ये वरूडमधली खोली कूलर चालू असतानाही २८-३०, आणि कूलर बंद पडला तर ३८ च्या वर. त्या तापमानाला लाल वाईनमधून अल्कोहोलचाच भपका येतो आणि बाकी चव त्याखाली दडपते. तेव्हा आपल्या उन्हाळ्यात लाल वाईनही गार करायचीच, फक्त पांढरीपेक्षा कमी. पांढरी ८ ते १२ अंशांवर बरी लागते, लाल १५ ते १८ वर. पेल्यात ओतल्यावर ती भरभर तापते, म्हणून मी आपल्याकडे लाल १४ ला काढायला सांगेन.

आणि आता ज्या गोष्टीवर मला जास्त वेळ घालवायचा आहे ती. तुम्ही, दुकानदार, शेजारी, सगळे "गार करणं" या एकाच कामाबद्दल बोलताय. कामं दोन आहेत. एक, आजपासून जावई येईपर्यंत बाटली सांभाळणं. दुसरं, त्या संध्याकाळी ती पिण्याजोगी गार करणं. दुसरं काम अर्ध्या तासाचं आहे. खरी वाईन वाचते किंवा जाते ती पहिल्या कामात, आणि तिथे फार थंडीची गरज नसते. तिथे गरज असते ती तापमान वर-खाली न होण्याची, उजेड नसण्याची, आणि पारा पंचवीसच्या पुढे फार दिवस न राहण्याची. बारा-चौदा अंश सर्वांत उत्तम, पण काही आठवड्यांसाठी वीस-बावीसही चालून जातं.

तुमच्या चार बाटल्यांसाठी या दीड-दोन महिन्यांत सगळ्यात सोपी जागा म्हणजे घरचाच फ्रिज. दारात नको, दार उघडलं-मिटलं की हिसके बसतात आणि गरम हवा लागते. खाली भाजीच्या कप्प्यात, प्रत्येक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून, आडवी. बूच असलेली बाटली आडवी ठेवली की बूच ओलं राहतं. आटे असलेलं झाकण असेल, आणि आपल्याकडच्या बऱ्याच वाईनला आता तेच असतं, तर उभी ठेवली तरी चालते. फ्रिजची हवा कोरडी असते, वर्षभर ठेवली तर बूच सुकेल, पण दोन महिन्यांत काही होत नाही. वादळवाऱ्यानं वीज गेली तर दार उघडू नका, बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो. आजूबाजूला पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या तर आणखी थोडा जास्त.

पण काकूंचा फ्रिजला विरोध असेल तर? त्यात दही आहे, देवाचा नैवेद्य आहे, धोंड्याच्या महिन्यात अनारशाचं पीठ असेल. त्यांना न सांगता भाजीखाली बाटल्या दडवणं हा उपाय नव्हे. घरात ज्या बाईनं हो म्हटलेलं नाही तिच्या फ्रिजमध्ये दारू ठेवू नये, असं माझं मत आहे. तुमच्या भागात दारूनं किती संसार मोडले आणि त्याविरुद्ध बायकाच कशा उभ्या राहिल्या हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. काकूंच्या एका वाक्यामागे तेही असू शकतं. नुसतं सोवळं-ओवळं म्हणून ते बाजूला सारू नका. विचारा त्यांना, आणि त्या नाही म्हणाल्या तर दुसरी सोय आहे.

ती सोय मातीची. नवा माठ आणा, रंग न दिलेला. जुना नको, कारण तुमच्याकडचं बोअरचं पाणी जड, त्यातले क्षार वर्ष-दोन वर्षांत माठाच्या अंगातली बारीक छिद्रं बुजवतात आणि माठ पाझरायचा थांबतो. पाझरला नाही तर गार होणार नाही. या माठापेक्षा चार बोटं मोठी कुंडी किंवा रांजण घ्या, तळाशी वाळू टाका, माठ आत बसवा आणि मधल्या फटीत वाळू भरा. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवा. आतला माठ कोरडा ठेवायचा, त्यात कागदात गुंडाळलेल्या बाटल्या, तोंडावर ओलं गोणपाट. पाण्याची वाफ होताना ती उष्णता ओढून घेते, एका ग्रॅमला जवळजवळ ५८० कॅलरी, आणि ती भांड्यातून जाते. म्हणून हे सगळं सावलीत पण वारा लागेल अशा जागी ठेवायला हवं. बंद खोलीत कोंडलेल्या हवेत माठ गार होत नाही. तुमच्याकडे शेतावर शून्य ऊर्जा शीतकक्ष असेल, म्हणजे दिल्लीच्या पुसा संस्थेनं सुचवलेला, विटांच्या दुहेरी भिंतींत साडेसात सेंटिमीटर वाळू भरलेला तो हौद, तर वेगळं काही करायलाच नको. संत्री आणि भाजी ठेवायच्या त्याच जागी एका कोपऱ्यात बाटल्या राहतील. फक्त आतली हवा इतकी दमट असते की लेबलं सुटतात आणि बुरशी धरतात, म्हणून बाटली पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळा.

या मातीच्या सोयीकडून किती अपेक्षा ठेवायची तेही सांगते. बाहेर ४३ अंश आणि हवेत ओलावा पंधरा टक्के असेल, तर ओल्या वस्तूचं तापमान निसर्गनियमानं २२-२३ च्या खाली जाऊ शकत नाही. प्रत्यक्षात दुहेरी माठात २५ ते २७ मिळतील. माळ्यावरच्या ५० पुढे हे खूपच बरं, पण वर्षभर साठवण्याची ही जागा नव्हे. तीन-चार आठवडे, त्याहून जास्त नाही. आणि मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की माठाचं बळ संपतं. विहिरीत दोरीनं बाटली सोडायची जुनी युक्ती कोणी सांगेल. खोल विहिरीचं पाणी २६-२७ अंशांच्या आसपासच राहतं, म्हणजे माठाइतकंच, वर बाटली कपारीवर आपटायची भीती.

कूलरचंही बोलायला हवं, कारण विदर्भात उन्हाळ्यात पाण्याची बाटली कूलरच्या टाकीत टाकायची सवय घराघरांत आहे. चालू कूलरच्या टाकीतलं पाणी खरोखर गार असतं आणि वाईनची बाटलीही तिथे छान गार होईल. पण कृपा करून कूलर चालू असताना टाकीत हात घालू नका, मुलांना घालू देऊ नका. दर उन्हाळ्यात पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून आपल्याकडे माणसं जातात. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा, मग हात घालायचा. एवढं पाळता येणार नसेल तर कूलर सोडूनच द्या.

आता तो दुकानदाराचा छोटा फ्रिज. त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, चार बाटल्यांसाठी घेऊ नका. त्यातही स्वस्त मॉडेलं बहुतेक थर्मोइलेक्ट्रिक असतात, त्यांच्यात कॉम्प्रेसर नसतो. ती यंत्रं बाहेरच्या हवेपेक्षा साधारण पंधरा-वीस अंशच खाली जाऊ शकतात. पुण्यात खोली २८ असेल तर आत १२ मिळतील. तुमच्या खोलीत मेच्या दुपारी ४० असेल तर आत वीस-बावीसच्या खाली जाणं कठीण, आणि ते यंत्र दिवसभर धापा टाकत चालेल. पुढे कधी जावई दर वर्षी पेट्या पाठवायला लागले आणि तुम्हालाही आवड लागली, तर दुकानदाराला कॉम्प्रेसर आहे का, किती अंश बाहेरच्या हवेपर्यंत चालतो, हे दोन प्रश्न विचारून मग ठरवा.

दिवसाचं ठरवूया. धोंड्याचं ताट तुमच्या घरात देवाचं मानलं जात असेल, काकूंनी दिवसभर उभं राहून पुरणाचे धोंडे उकडलेले असतील, तर त्या दिवशी बाटली नकोच. तो दिवस काकूंचा आणि मुलीचा असू द्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, अंगणात पाणी शिंपडून बसा. जावई पाहुणे म्हणून आले तरी बाटली उघडण्याचं काम त्यांनाच द्या. ते त्यांचं काम आहे, त्यांना आनंदच होईल. आणि त्या संध्याकाळी घरातल्या कोणाला नको असेल तर आग्रह करायचा नाही, जावयांनाही नाही. धोंड्याच्या महिन्यात तेही घेत नसतील, हेही आधी विचारायला हवं.

बादली अशी लावा. दोन-तीन दिवस आधीपासून स्टीलच्या डब्यांत पाणी गोठवून ठेवा, किंवा त्याच दुपारी वरूडहून लादी आणून गोणपाटात लाकडाच्या भुशात गुंडाळून ठेवा. लोखंडी किंवा स्टीलची बादली, अर्धा बर्फ, अर्धं पाणी, दोन मुठी खडा मीठ. नुसता बर्फ टाकू नका. पाण्याविना बर्फाचे खडे बाटलीला इथे-तिथे टेकतात, पाणी मात्र सगळीकडून लागतं, म्हणून गारवा पाण्यातून लवकर पोचतो. मिठानं पाणी शून्याच्याही थोडं खाली जातं. बाटली मानेपर्यंत बुडाली पाहिजे, आणि मधूनमधून मान धरून फिरवायची. माठातून काढलेली पांढरी पंचवीस ते तीस मिनिटांत तयार होते, लाल दहा-बारा मिनिटांत. थर्मामीटर नसेल तर उन्हाळ्यात एक चांगली खूण आहे. बाटली बाहेर काढून फडक्यानं कोरडी पुसा आणि पहा. नवतप्यात हवा इतकी कोरडी असते की काच साधारण दहा-अकरा अंशांच्या खाली गेल्याशिवाय तिच्यावर घाम येत नाही. पुसलेल्या काचेवर बारीक धुकं धरलं की पांढरी तयार. लाल बाटलीवर ते धरलं तर ती जास्त गार झाली, पाच-सात मिनिटं बाहेर ठेवा. पाऊस पडून गेला असेल त्या दिवशी ही खूण चालत नाही, तेव्हा घड्याळच पहा.

बाटल्या फ्रिजमध्ये असतील तर हिशेब उलटा. पांढरी काढून सरळ द्यायची, लाल अर्धा तास आधी बाहेर काढायची. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका. वाईन उणे पाच-सहा अंशांना गोठायला लागते, फुगते, बूच ढकलते किंवा बाटली फोडते, आणि पाहुण्यांच्या गडबडीत ती आत आहे याची आठवण राहत नाही.

ग्लास नसतील तर काचेचे पेले चालतील, तोंड थोडं निमुळतं असेल तर वास टिकतो. एका वेळी पेल्याचा तिसरा हिस्साच ओता. चाळीस अंशांत भरलेला पेला शेवटच्या घोटापर्यंत कोमट होतो. थोडं ओतायचं, बाटली परत बादलीशेजारी सावलीत. सोबत काय, हे तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते, कारण तिखटाचा आणि वाईनचा संबंध आहे. आपल्या पाटोडीच्या रश्श्याचं तिखट लाल वाईनमधला तुरटपणा आणि अल्कोहोलची आग दोन्ही वाढवतं. त्याच्याबरोबर गार केलेली पांढरी, थोडी गोडसर असेल तर आणखीच बरी. लाल उघडायची असेल तर वडाभात किंवा गोळाभात, वरून फोडणीचं तेल पण मिरची बेतानं.

उघडलेली बाटली संपली नाही तर झाकण लावून फ्रिजमध्येच ठेवायची, लाल असली तरी. थंडीत हवेचं काम मंदावतं. तीन-चार दिवस चव बरी राहते, त्यानंतर ती रश्श्यात घालण्याच्या कामाची.

कायद्याचं तेवढं पहा. महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, तो काढून ठेवा. आणि वर्धा नदीपलीकडे आर्वीकडे कोणी नातेवाईक असतील, मुलगी-जावई त्यांना भेटायला जाणार असतील, तर बाटली सोबत नको. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठली, पण बाकी दोन जिल्ह्यांत ती आहेच. वाईन हलकी म्हणून तिला वेगळी सूट नाही. संध्याकाळी दोन पेले घेतलेल्या माणसानं रात्री गाडी चालवू नये, हे जावयांनाही लागू.

हे पत्र वाचणाऱ्या ज्यांच्याकडे एखादी भेट आलेली बाटली पडून आहे, अकोल्यात, यवतमाळात, पुसदला, त्यांनाही माझं हेच सांगणं. राखून ठेवली की वाईन मुरते, चांगली होते, हे फार थोड्या वाईनबद्दल खरं आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक बाटल्या ताज्याच प्यायला केलेल्या असतात. पांढरी वर्ष-दीड वर्षात, लाल दोन-तीन वर्षांत. आणि तेही नीट ठेवली तर. विदर्भातला एक अख्खा उन्हाळा फ्रिजबाहेर काढायला लावू नका. होळी यायच्या आधी उघडा.

काकाजी, तुम्ही मुलीला अजून सांगितलेलं नाही, ते याच आठवड्यात सांगा. जावयांशीही बोला. माळ्यावर ठेवल्या, दोन गेल्या, चार खाली उतरवल्यात, असं जसं झालं तसं. ते लगेच विचारतील कोणत्या, कधी भरलेल्या, झाकण कसलं, आणि कोणती आधी उघडायची तेही नक्की सांगू शकतील. आणखी एक कारण आहे. येताना ते नव्या बाटल्या आणणारच. नाशिकहून तुमच्या गावापर्यंत दिवसभराचा प्रवास, मेच्या उन्हात बंद डिकी साठ अंशांपर्यंत तापते, आणि माळ्यावर पाच महिन्यांत जे झालं ते डिकीत एका दुपारीही होऊ शकतं. त्यांना सांगा, बाटल्या डिकीत टाकू नका, आत एसीत, सीटखाली, चादरीत गुंडाळून आणा, आणि जमलं तर रात्री निघा.